हंड्यातून सुटलेले बेडूक

"पुलापाशीच ना?" मॉमने पुन्हा विचारलं.

विचारता विचारता तिने वेसच्या टोपीची दोरी हनुवटीखाली घट्ट केली, डेलाच्या पिशवीत पाण्याची आणखी एक बाटली कोंबली आणि जूडच्या पायांकडे पाहिलं. बूट त्याच्या मोठ्या भावाचे आहेत, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

"पुलापाशीच," डेला म्हणाली.

"पुलाच्या वरच्या अंगाला नाही?"

"मॉम, पुलापाशी म्हणजे पुलापाशी."

डेला तेरा वर्षांची होती आणि एरवी खोटं बोलायची नाही. पण हे खोटं तिचं नव्हतंच. ते मॅमॉचं होतं. मॅमॉ म्हणजे मॉमची आई. सॉर्गम ओढ्यावर गळाला पिसांच्या खोट्या माशा बांधून बास मासे पकडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुलाच्या वरच्या अंगाला तिची एक खास जागा होती, 'हंडा' नावाचा डोह. ती तिने पोटच्या मुलीलाही सांगितली नव्हती. या वसंतात पहिल्यांदा तिने तिथे नेलं ते डेलाला, डेलाच्या दहा वर्षांच्या भावाला, वेसला, आणि शेजारच्या जूडला. नेताना तिघांकडून वचन घेतलं होतं, घराला आग लागली तरी जागा सांगायची नाही.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगरात सगळेच असे जागा लपवणारे. म्हातारा ऑरव्हल तर हातात गळाची काठी आणि अंगात छातीपर्यंतची रबरी विजार घालून "चर्चला चाललोय" म्हणायचा, आणि कोणी त्याला हसायचं नाही.

तिघं पुलापर्यंत गेली, मॉमची गाडी वळणाआड जाईपर्यंत थांबली आणि मग ओढ्याच्या काठाने वर निघाली.

"मला आज बेडूक मिळणार का?" वेसने विचारलं.

"नाही," डेला आणि जूड एकदम म्हणाले.

बेडूक म्हणजे मॅमॉने हरणाच्या शेपटीच्या केसांचे बांधलेले बेडूक. ते केस आतून पोकळ असतात, त्यामुळे बेडूक पाण्यावर बुचासारखे तरंगतात. मॅमॉचा बेडूक कुठेही ओळखू यायचा. त्याचा एक डोळा लाल असायचा आणि एक पिवळा, कारण तिच्याकडे लाल मणी कमी होते आणि नवे आणायला तिला कधी वेळ नव्हता. वेसने या वसंतात असे बरेच बेडूक घालवले होते. दोरी मागे पूर्ण उलगडायच्या आतच तो काठी पुढे हाणायचा. मग चाबकासारखा फटाक आवाज यायचा आणि दोरीच्या टोकाचा बेडूक मागच्या मागे तुटून पडायचा.

"तुझे बेडूक पुलाखालून वाहत जातात," जूड म्हणाला. "तिथे गळ टाकणाऱ्या ऑरव्हलने एक टोपीला लावलाय. म्हणतो, वेस आहे तोवर मला माशा विकत घ्यायला नकोत."

"तुझे दोन्ही पाय तुझ्या एकाच बुटात मावतील," वेस म्हणाला.

हंड्यापाशी पोचल्यावर मात्र तिघंही जागच्या जागी थांबली.

ओढा अर्धा झाला होता. पाऊस दोन दिवसांपूर्वीच झालेला, तरी काठचे गोटे उघडे पडले होते. ते वरून सुकलेले आणि खालून ओले होते. म्हणजे पाणी आजच खाली गेलं होतं. उथळ जागी, ताटाएवढ्या साफ केलेल्या वाळूच्या खळग्यावर एक बास उभा होता. नराचं काम ते. पिल्लं मोठी होईपर्यंत तो घरटं सोडत नाही. पाणी इतकं उतरलं होतं की त्याच्या पाठीवरचा पर हवेत आला होता. तरी तो हलला नव्हता. त्याच्या पोटाखाली काळी, मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती.

"खोल पाण्यात जा ना, वेड्या," वेस त्याला म्हणाला.

"तो नाही जाणार," डेला म्हणाली. "पण पाणी गेलं कुठे?"

पलीकडे चुनखडीचा उंच कडा होता आणि कड्याच्या पायथ्याशी एक कपार. मधल्या धारेमुळे तिथे कोणालाच जाता यायचं नाही, मॅमॉलासुद्धा. आज ती धार जेमतेम घोट्यापर्यंत होती. कपारीतून वरचा लांबपर्यंतचा ओढा दिसला असता, पाणी कुठे अडलंय ते कळलं असतं. तिघं चालत पलीकडे गेली. इतकं सोपं होतं ते.

वर काही दिसलं नाही, नुसतं वळण आणि झाडं. जूड पिशवीतलं सँडविच काढत होता तेवढ्यात वेस म्हणाला, "मघाचा दगड कुठे गेला?"

"कुठला?"

"ज्याच्यावर पाय ठेवून आपण आलो तो."

दगड नव्हता. त्याच्या जागी पाण्याला एक गुळगुळीत फुगवटा आला होता. बघता बघता दुसरा दगड गेला. मग आवाज बदलला. मघापर्यंत खळखळणारं पाणी आता खर्जात बोलायला लागलं होतं.

"चला, लगेच," डेला म्हणाली आणि धारेत उतरली. दुसऱ्याच पावलाला पाणी मांडीला भिडलं आणि तिचा पाय तळावरून सुटला. जूडने तिच्या पिशवीचा पट्टा पकडून तिला मागे ओढलं. तिघं कपारीत येऊन धापा टाकत बसली.

मागचा कडा डोक्यावर झुकलेला होता, त्यावर पालसुद्धा चढली नसती. समोर पाणी. उजवीकडे पाणी. डावीकडे, जरा खाली, पुरात आलेल्या ओंडक्यांचा ढीग अडकला होता आणि बरीचशी धार त्याच्यात घुसत होती.

"पोहून खाली गेलो तर?" वेसने विचारलं.

"त्या ओंडक्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही," डेला म्हणाली. "कोणीही पाण्यात उतरायचं नाही. शपथ घ्या."

दोघांनी शपथ घेतली. जूडने मोबाइल वर धरला, खाली धरला, कड्याला टेकवला. त्या दरीत तो कधीच लागायचा नाही, आजही लागला नाही. मग तिघांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. उत्तर आलं ते एका किंगफिशर पक्ष्याचं, तेही वैतागून दिल्यासारखं.

"आभाळ तर स्वच्छ आहे," जूड म्हणाला. "मग हे आलं कुठून?"

डेलाने ओंजळीत पाणी घेतलं. ते कोमट होतं. सॉर्गमचं पाणी झऱ्यांचं, जूनमध्येही दात वाजवणारं. हे कोमट होतं, त्याला शेवाळाचा वास होता आणि त्यात हिरवे, टिकलीएवढे तरंगते ठिपके होते.

"हे डबक्याचं आहे," ती म्हणाली. "पुराचं पाणी गढूळ असतं, त्यात पालापाचोळा असतो. हे कोणीतरी साठवून ठेवलेलं आणि सोडलेलं आहे."

तेवढ्यात एक फळी गिरक्या घेत आली. कपारीसमोर पाणी उलटं फिरत होतं, ते फळीला अलगद तिघांपाशी घेऊन आलं. जूडने ती ओढून घेतली. नवी, जाड, ओकची फळी, टोकाला लोखंडी कडी.

"रॉयस पिगॉट," जूड म्हणाला. "वर त्याच्या जुन्या गिरणीच्या बांधाच्या दाराला अशाच फळ्या असतात. त्याच्या तंबूच्या जागेत सुट्टीची गर्दी आहे ना? होड्या फिरवायला त्याने पाणी अडवलं असणार."

"आणि आता त्याच्या दुकानात पाणी शिरायला लागलं असेल, म्हणून सोडतोय," डेला म्हणाली. "खाली कोण आहे ते न बघता."

"पण एकच फळी काढली ना?" वेसने विचारलं.

थोड्या वेळाने पाण्याचा आवाज पुन्हा बदलला आणि ते एक वीतभर वर आलं. दुसरी फळी निघाली होती.

तिघं कपारीत आणखी वर सरकली. वर जागा अरुंद होती, बसता येत नव्हतं. वेसला मध्ये उभं केलं. आता त्यांच्या बुटांपासून पाणी हातभर खाली होतं.

"मॉम शोधायला येईल," वेस म्हणाला.

मॉम येणारच. दुपार कलली की ती पुलापाशी येऊन उभी राहणार. पुलापासून खाली शोधेल, सगळ्यांना विचारेल. वर येणार नाही, कारण पुलाच्या वर नाही असं तिने दोनदा विचारून घेतलं होतं.

"मी तिला खोटं सांगितलं," डेला म्हणाली. "ती नको तिथे शोधत बसेल."

"तू नाही, आपण," जूड म्हणाला. "रडू नकोस, आधीच पाणी वाढतंय."

डेलाला हसू आलं, आणि हसल्यावर जरा सुचायला लागलं. तिने काठी जोडली आणि पलीकडच्या सिकमोर झाडावर दोरी फेकली. ती फांदीला अडकलीही. पण तिघांनी मिळून ओढताच केसासारखं टोक पटकन तुटलं.

"बास धरायची दोरी आहे ती," जूड म्हणाला. "वेस नव्हे."

"बेडूक सोडू या," वेस म्हणाला. "माझे बेडूक पुलाखालून जातात ना? मग जाऊ देत. ऑरव्हल उचलेल."

डेलाने डबी उघडली. आत पाच बेडूक होते. एक लाल डोळा, एक पिवळा डोळा.

"ऑरव्हल म्हणेल, वेसने आणखी एक घालवला," जूड म्हणाला.

"एक आला तर म्हणेल. एकामागून एक पाच आले तर?" डेलाने पक्कड काढली. "आणि गळाचे आकडे कापलेले असले तर? आकडा कापलेला बेडूक कोण पाण्यात टाकतं? शिवाय आकडा नसला की झुडपात अडकणारही नाही."

पहिल्या बेडकाचा आकडा कापण्याआधी तिने तो तळहातावर घेऊन पाहिला. मॅमॉ एका बेडकावर सबंध संध्याकाळ घालवायची. डेलाने आकडा कापून तो पाण्यात सोडला. बेडूक डुलत पुढे गेला, उलट्या पाण्यात सापडला, एक मोठा फेरा घेऊन परत आला आणि जूडच्या बुटाला टेकून थांबला.

"यालाही इथेच राहायचंय," जूड म्हणाला.

हाताने फेकला, तरी तेच. हलका बेडूक वाऱ्याने जवळच पडायचा. मुख्य धार लांब होती. तिथवर फक्त दोरीने पोचता आलं असतं, पण दोरीने टाकलेला बेडूक दोरीलाच राहणार. डेला विचार करत वेसकडे पाहत राहिली.

"काय?" वेस म्हणाला. "मी काय केलं?"

"वेस, तुझा बेडूक नेहमी कुठे तुटतो?"

"मागे. पण ते चुकून..."

"आज चुकायचं. मुद्दाम. पाण्याकडे पाठ करून उभा राहा."

वेसला कळायला क्षणभर लागला. मग त्याने कड्याकडे तोंड केलं. जूडने एका हाताने त्याचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताने कड्यातली खाच. वेसने काठी मागे नेली. दोरी पाण्यावरून मागे उलगडत गेली, आणि ती पूर्ण उलगडायच्या आत त्याने, मॅमॉने हजारदा करू नकोस म्हटलेल्या झटक्याने, काठी पुढे हाणली.

फटाक.

बेडूक तुटला, हवेत एक कोलांटी खाऊन थेट मुख्य धारेत पडला आणि ओंडक्यांच्या पलीकडून झपाट्याने खाली गेला.

"याहून वाईट मी कधी पाहिलं नाही," जूड म्हणाला. "पुन्हा कर."

दुसरा गेला. तिसरा ओंडक्यांत अडकला. चौथ्याला वेसचा हात दुखून आला होता, तरी तो गेला. पाचवा बांधताना पाणी डेलाच्या बुटात शिरलं. तिसरी फळी निघाली होती.

पाचवाही गेला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते सगळ्यांत कठीण होतं. तिघं कड्याला पाठ लावून उभी राहिली. फळी कड्याच्या खाचेत अडकवून डेलाने वेसला तिच्यावर उभं केलं, तेवढाच तो कोरडा. पाणी तिच्या गुडघ्याला आलं. वेस हळूच म्हणाला, "तो बास आता खोल पाण्यात आहे. त्याची तरी सुटका झाली."

"त्याची सुटका झालीच होती," डेला म्हणाली. "त्यालाच जायचं नव्हतं." आणि तिने वेसचा हात आणखी घट्ट धरला.

इंजिनाचा आवाज आधी जूडने ऐकला. वरच्या वळणावरून गिरणीवरची एक सपाट होडी आली. मागे रॉयस पिगॉट, पुढे मॉम. मॉमने अंगावर चढवलेलं तरंगजाकीट उलटं होतं आणि तिच्या हातात लहान मापाची आणखी तीन होती. होडी कपारीला लागल्यावर आधी वेस, मग जूड, मग डेला अशी एकेकाला तिने ओढून घेतलं, जाकिटांचे पट्टे लावले, पुन्हा ओढून पाहिले. मग डेलाचा गार पडलेला हात दोन्ही हातांत धरून बसून राहिली.

"मॉम, मी..."

"घरी," मॉम म्हणाली. "ते घरी. आत्ता नुसती बस."

फळीही जूडने होडीत घेतली होती. पुलावर माणसांची गर्दी होती, त्यात मॅमॉ आणि ऑरव्हल. होडी काठाला लागताच रॉयस मोठ्याने म्हणाला, "वर ढगफुटी झाली असणार. मुलांना एकटं सोडायचंच कशाला?"

मॉमचा चेहरा पांढरा पडला. डेलाने ते पाहिलं. मग ती अगदी साधेपणाने मॅमॉला म्हणाली, "मॅमॉ, ही फळी वाहत आली. बेवारशी दिसते. तुझ्या माशा बांधायच्या टेबलाला छान होईल ना?"

"बेवारशी?" रॉयस म्हणाला. "माझी आहे ती. दाराची पहिलीच फळी, नवी बनवून घेतली होती, काढताना हातातून..."

तो थांबला. पुलावर सगळेच थांबले होते.

"काढताना," ऑरव्हल शांतपणे म्हणाला. "ढगफुटीत."

रॉयसने मान खाली घातली. पुढचं त्याच्याशी मोठ्या माणसांनी बोलून घेतलं, आणि त्या संध्याकाळनंतर गिरणीच्या दाराला पुन्हा फळ्या बसल्या नाहीत.

पुलावर काय झालं होतं ते मॉमने रात्री जेवताना सांगितलं. पहिला बेडूक आल्यावर ऑरव्हल हसला होता. दुसरा उचलून त्याने उलटा केला, कापलेला आकडा पाहिला आणि सरळ मॅमॉला फोन लावला. मॅमॉ पुलावर आली. मॉमने तिचा हात धरून फक्त विचारलं, "आई, कुठे?"

"आणि मग?" वेसने विचारलं.

"मग तिने सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने. हंडा, झुकलेल्या कड्याखाली, सिकमोरच्या समोर."

मॅमॉ मक्याच्या पावाला लोणी लावत होती.

"आग लागली तरी सांगायचं नाही असं म्हणालीस तू," वेस म्हणाला.

"पाण्याचं कुठे म्हणाले होते?" मॅमॉ म्हणाली. मग तिने सुरी खाली ठेवली. "नियम चुकीचा होता, बाळांनो. जागा जगाला सांगायची नाही, पण तुमच्या आईला सांगायची. कायम." तिने खिशातून एक नवा बेडूक काढून वेसपुढे ठेवला. त्याचे दोन्ही डोळे लाल होते. "हा पाण्याकडे पाठ न करता फेकायचा. ती पाठमोरी करामत मात्र या ओढ्यावर तुझ्याइतकी कोणाला जमायची नाही, आणि तुमच्या तिघांइतकं डोकंही."

शनिवारी मॅमॉ मुलांना घेऊन हंड्यावर गेली, या वेळी मॉमसुद्धा बरोबर होती. मॅमॉला वाटलं होतं, पुलावरची निम्मी माणसं तिथे काठ्या घेऊन उभी असतील. पाणी नेहमीइतकं होतं, गार आणि स्वच्छ. खळग्यावर बास उभा होता, पोटाखाली पिल्लांचा काळा ढग घेऊन. काठावर माणसाच्या बुटाचा एकही ठसा नव्हता.

येताना पुलावर ऑरव्हल भेटला. अंगात रबरी विजार, हातात काठी, टोपीला एक लाल आणि एक पिवळा डोळा.

"हंड्यावर कोणीच कसं आलं नाही?" डेलाने त्याला विचारलं. "तुम्ही सगळ्यांनी तर ऐकलं होतं."

"कुठला हंडा?" ऑरव्हल म्हणाला. "मला कमी ऐकू येतं, पोरी. मी चर्चला चाललोय."