शनिवारी नऊ ते साडेदहा

स्वानंदीने धावत येऊन सर्व्हर रूमचं दार ढकललं, तेव्हा आत एक उंच तरुण स्टोरेजच्या बटणाकडे हात नेत होता.

“थांबा! प्लीज… माझं काम चालू आहे त्यावर!”

तो वळला. कपाळावर केस, गळ्यात ओळखपत्र – विहंग. म्हणजे हाच तो! ‘शनिवारी सकाळी नऊपासून स्टोरेज बंद राहील’ अशा मेल पाठवून महिनाभर तिला वैताग आणणारा. त्यातली एकही तिने धड वाचली नव्हती.

“तुम्ही स्वानंदी ना?” पंख्यांच्या घरघरीत ओरडूनच बोलावं लागत होतं. “सगळ्यांची कामं थांबली, तुमचंच चालू आहे. काल किती फोन केले मी!”

“अनोळखी नंबर मी उचलत नाही…”

दिंडोरीच्या बागांतून हिंडून तिने द्राक्षाच्या पानांचे हजारो फोटो काढले होते. पानावरचा रोग ओळखणारा तिचा प्रोग्राम आठवडाभर त्यांच्यावर चालला होता आणि आता तासाभरात संपणार होता. मध्येच बंद पडला तर सगळं पहिल्यापासून, आणि सोमवारी पीएच.डी.च्या समितीला दाखवायला काहीच नाही.

“चला साहेब, करा बंद,” नवं स्टोरेज बसवायला पुण्याहून आलेले यादव घाई करत होते. “मला आजच परत जायचंय.”

विहंगने तिच्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “यादवसाहेब, शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. नव्या मशीनला आत्ता हात लावायचा?”

“अरे बापरे! आधी नाही का सांगायचं?” यादव तडक चहाला गेले.

“तुम्ही मानता हे?” स्वानंदीने विचारलं.

“वडील रामकुंडावर पूजा सांगतात. याच विषयावर रोज भांडतो मी त्यांच्याशी.”

“मग?”

“मग काय… आज वडील जिंकले.”

तिला हसू फुटलं, पण नजर कोपऱ्यातल्या संगणकाच्या पडद्यावरून हटेना. शेवटचा टप्पा ब्याण्णव टक्के… त्र्याण्णव… तेवढ्यात विहंगचा फोन वाजला. घरघरीमुळे त्याने स्पीकर लावला आणि संस्थेचे संचालक कडाडले, “स्टोरेज अजून चालू कसं?”

विहंगचा चेहरा उतरला. सिस्टीमवाली मंडळी कंत्राटावर असतात, हे तिला माहीत होतं. तिने सरळ त्याच्या हातातून फोन घेतला.

“सर, स्वानंदी बोलतेय. माझ्यामुळे थांबलंय. यांनी वेळेवर कळवलं होतं, मीच वाचलं नाही.”

पलीकडून संचालकांचा हुकूम आला.

“साडेदहा. पुढे एक मिनिट नाही.” फोन बंद झाला.

“कशाला अंगावर घेतलंत?”

“तुम्ही कशाला घेतलंत?”

तो नुसता हसला, आणि तिची धडधड वाढली. ही भीतीची नव्हती.

नव्याण्णव… शंभर! तिने निकाल पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. यादव परतले. विहंगने हात बटणाकडे नेला. आत्ता नाही बोललं तर राहूनच जाईल, असं तिला वाटलं आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, “विहंग, तुम्ही मला…”

त्याचं बोट दाबलं गेलं. पंखे थांबले.

“…फार आवडलात!”

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. यादव खाली वाकून न पडलेला स्क्रू शोधू लागले. विहंगचे कान लाल झाले.

“पाचला मोकळा होतो मी,” तो हळूच म्हणाला. “गंगेवर येशील, रामकुंडापाशी?”

“येईन,” ती म्हणाली.