रक्तवाहिनीतल्या रेघा

"चूक कुणाची, तेवढं सांगा," छपाईवाला म्हणाला. "बायको तर आता जातेच आहे. निदान कुणावर चिडायचं ते तरी कळू दे."

त्याने बायकोच्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे छातीच्या तपासणीच्या, दोन फिल्म्स टेबलावर ठेवल्या. पहिली दोन वर्षांपूर्वीची, दुसरी त्यानंतर सहा महिन्यांची. पहिलीच्या रिपोर्टात 'ठिपके दिसतात, पुढची तपासणी करा' असं होतं, दुसरीच्या रिपोर्टात 'काळजीचं कारण नाही' असं लिहिलेलं होतं. आता कॅन्सर हाडांत पोचला होता.

बाईंनी तीस वर्षं अशा फिल्म्स वाचण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्या लोकांच्या शंका सोडवत. सोबतीला एक वकील असत. त्यांना प्रत्येक गोष्टीत आधी नोटीस दिसायची.

बाईंनी पहिली फिल्म उजेडावर धरली. एका जागी बारीक, वेडेवाकडे पांढरे ठिपके दाटले होते.

"कॅल्शियमचे कण. असा घोळका दिसला की सुई घालून तपासावं लागतं. आणि या शेजारच्या दोन समांतर रेघा म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंती. त्यांना मधुमेह आहे?"

"वीस वर्षं."

"मग या त्याच्याच. यांनी अपाय होत नाही, पण एकदा आल्या की जात नाहीत."

दुसऱ्या फिल्मवर टरफलासारखं एक गोल कडं होतं, बाकी काही नाही. जुन्या माराची खूण, बाई म्हणाल्या, घातक नव्हे. बायकोला छातीवर कधी मार लागला होता का, हेही त्यांनी विचारलं. कधीच नाही, तो म्हणाला.

वकिलांनी तेवढ्यात दुसरा रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरला दोषी ठरवूनही टाकलं.

ते भेटायला गेले तेव्हा डॉक्टर मात्र लपवाछपवी करणारा निघाला नाही. त्याने जुनी फिल्म मागितली होती, पेशंट म्हणाली घरी राहिली. कातडीवरची पावडरही ठिपक्यांसारखीच दिसते, तेव्हा पहिल्या वेळी तेच झालं असेल असं तो धरून चालला. फिल्म काढणाऱ्या मुलीने कार्डावरचं नाव वाचलं होतं, चेहरा तिच्या लक्षात नव्हता.

शेवटी ते छपाईवाल्याच्या घरी गेले. आजारणीचं सगळं मेहुणी करत होती. दुसरी फिल्म काढली त्या आठवड्यात या भावजींचंच हृदयाचं ऑपरेशन होतं, ती म्हणाली, ताई त्यांच्या उशाशीच असायची. बोलताना मेहुणी डावा हात जपून उचलत होती. बाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाली, पूर्वी स्कूटरवरून पडले, हँडल छातीवर आदळलं.

बाईंनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"दुसरी फिल्म तुमच्या बायकोची नाहीच. ठिपके पावडरचे असते तर गेले असते. रक्तवाहिनीतल्या रेघा कशा जातील? आणि मार न लागता कडं आलं कुठून?" त्या मेहुणीकडे वळल्या. "तिच्या जागी तुम्ही गेला होतात."

मेहुणी रडायलाच लागली.

"ताईने कार्ड हातात दिलं. म्हणाली, माझ्यात काही निघालं तर हे आपलं ऑपरेशन पुढे ढकलतील. रिपोर्ट चांगला आला की निर्धास्त जातील. नंतर तुझी फिल्म काढून घे म्हणून मी किती मागे लागले. जाऊ गं, जाऊ गं म्हणत राहिली. मग गाठच लागली हाताला."

वकिलांनी नोटिशीचा मसुदा खिशात कोंबला. बाईंना हे सांगितल्याचं वाईट वाटत होतं, पण आता ते परत घेता येण्यासारखं नव्हतं.

छपाईवाला उठून आत गेला. बायको जागी होती.

"कळलं का काही?"

"डॉक्टरचीच चूक."

तिने त्याचा हात हातात घेतला. "मग सोडून द्या हो त्याला."

"दिलं," तो म्हणाला आणि तिच्या उशाशी बसला. चिडायला आता त्याच्याजवळ कुणीच उरलं नव्हतं.