गळ्याखालचा फोटो

यात माझ्या पदरचं काही नाही. खोटं वाटेल त्याला वाटू दे. ही गोष्ट माझ्या शेजारच्या दिएपची. साल २००४, गाव कान थो, आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची. जेवून सगळी गल्ली पंख्याखाली आडवी होते ना, ती.

दिएप साऊकाकांच्या फोटोच्या दुकानात कामाला होती. कुणी गेलं की घरचे देव्हाऱ्यात ठेवायच्या फोटोसाठी ओळखपत्रावरचा चेहरा घेऊन येत. दिएप तो कॉम्प्युटरवर कापून दुकानातल्या बिनचेहऱ्याच्या तयार अंगावर बसवायची. बायकांसाठी अंग एकच. गडद निळा आओ याय, म्हणजे आमच्याकडचा बायकांचा पायघोळ अंगरखा, उभी गळपट्टी, सरळ खांदे.

आमच्या गल्लीतल्या अर्ध्या देव्हाऱ्यांत तेच खांदे आहेत. माझ्या सासूबाईंचेही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती गाण्यांच्या सीडीची मुखपृष्ठं करण्याचा सराव करी. केसांची कड कापायची, उजेड जुळवायचा, एकावर एक थर चढवायचे. कारण होतं. थोरली बहीण क्वेन दहा वर्षं लग्नांत गात होती आणि आता तिची पहिली सीडी निघत होती. चित्र शुक्रवारी छापखान्यात द्यायचं होतं.

सोमवारी दिएप अडली. क्वेनच्या फोटोत कपड्याला नुसत्या चुण्या. सरावापुरतं बघू म्हणून तिनं बहिणीचा चेहरा त्या तयार अंगावर ठेवला.

एरवी मान वळवावी लागे, कातडीचा रंग जुळवावा लागे.

या वेळी काहीच करावं लागलं नाही.

चेहरा... आपोआप बसला.

शेजारच्या टेबलावरचा तोआन ओरडला, "अगं ए बये! जित्याजागत्या बहिणीला त्यात घातलंस?"

"सराव आहे रे. पुसते."

"सीडीचं काम मला दिलं असतंस तर ही वेळ आली नसती."

"तुला दिलं असतं तर ताईला मिशा फुटल्या असत्या!"

हसत हसत तिनं अंगाचा थर पुसला. चुण्यांचा फोटो परत लावला.

मंगळवारी फाइल उघडली...

निळा आओ याय.

दिएपनं तोआनकडे पाहिलं. तो मान खाली घालून काम करत होता. जरा जास्तच खाली. तिनं थर पुन्हा पुसला, पासवर्ड बदलला आणि कुणाला सांगितला नाही.

बुधवारी ती दुपारी खुर्चीवरून हलली नाही. भातही तिथंच खाल्ला. तोआन बाकावर तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मग पंख्याच्या आवाजात दुसरा एक आवाज आला.

कुणीतरी... श्वास आत घेतल्यासारखा.

तिनं फाइल उघडली. निळं अंग परत आलं होतं. आणि कायम सरळ असणारे ते खांदे किंचित वर उचललेले होते. गाणारी बाई ओळ सुरू करण्याआधी उचलते तसे.

"तोआन! ऊठ! काय चालवलंयस तू हे?"

"मी? आई शप्पथ, हात लावला नाही तुझ्या फाइलला!"

"मत्सर आहे तुझ्या पोटात."

तोआननं टोपी बाकावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "माझ्यावर डाफरण्यापेक्षा काकांना विचार की, ते अंग कुणाचं आहे."

साऊकाका मागच्या खोलीत चहा पीत होते.

"कुणाचं म्हणजे? जुन्या मालकाकडून दुकान घेतलं, त्यात आलं ते."

"पण बाई कोण होती, काका?"

"मी घेतलं तेव्हाही चेहरा कापलेलाच होता, पोरी." त्यांनी कप खाली ठेवला. वर काही पाहिलं नाही.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. क्वेन होती. खुशीत.

"दिएप, ऐक गं! ध्वनिमुद्रण करणारे दादा म्हणतात, असा गळा ऐकला नाही. दोन ओळींच्या मध्ये माझा श्वास टेपवर येतच नाही! एकदाही नाही!"

दिएपनं फोन कानाला तसाच धरून पडद्यावरच्या त्या उचललेल्या खांद्यांकडे पाहिलं.

कारण लहानपणी क्वेन माझ्या पायरीवर बसून गायची, तेव्हा एवढा मोठा श्वास ओढायची की माझ्या कोंबड्या बिचकायच्या. ती सवय तिची कधी गेली नव्हती.

दिएपनं फाइल मुळासकट उडवली. मूळचं ते अंगही उडवलं. साऊकाका खूप बोलले, तिनं ऐकून घेतलं. सीडी चुण्यांच्या फोटोसह निघाली आणि बरी खपली.

तोआनची तिनं माफी मागितली. त्याच्यावरचा संशय गेला.

पण संशय गेला नाही.

क्वेन आजही गाते. लोक म्हणतात, काय तयारी आहे बाईची, गाताना खांदेसुद्धा हलत नाहीत. जेवायला दोघी एकत्र बसतात. दिएप बहिणीच्या गळ्याखाली बघत नाही.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली. त्याच पायरीवर बसली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही ताईला जन्मापासून ओळखता. तीच आहे ना ही?"

मी हो म्हणाले.

पण लगेच म्हणाले नाही... आणि ते तिच्या लक्षात आलं.