बाराव्या फर्म्यातला घोडा

"थांब! एक अक्षर बोलू नकोस! घोडा उडी मारतोय!"

तंद्रीनं डावा हात वर करून पुरावाला जिन्यातच अडवलं. उजव्या हातात पुस्तक होतं आणि नाक पुस्तकात. पुरावाच्या खांद्यावर टॉवेल होता, खाली टाचणी सायकलची घंटा बडवत होती आणि तलावावर जायची वेळ कधीच टळून गेली होती.

तंद्री तेरा वर्षांची. सुट्टीत आत्याकडे आली होती. हाक मारल्यावर दोन मिनिटांनी 'ओ' देते म्हणून आत्यानंच तिला हे नाव चिकटवलं होतं. पुरावा हा आत्याचा थोरला, तिच्याहून वर्षभरानं मोठा. 'आज ऊन आहे' म्हटलं तरी 'पुरावा काय?' विचारणारा. धाकटी टाचणी दहाची. दिसायला एवढीशी, पण टोचायची नेमकी जागा तिला बरोबर सापडायची.

तंद्रीला आत्ता यातलं कोणी दिसत नव्हतं. ती कड्याच्या टोकावर होती. काचेच्या पंखांचा घोडा झेपावला होता, पाठीवर तरुण पहारेकरीण. मागे कड्यावर राखाडी डोळ्यांचा राजपुत्र एकटाच उभा होता. 'वारा कानांत घुमला आणि तिनं डोळे मिटले,' असं एकशे शहात्तरावं पान संपलं. श्वास रोखून तंद्रीनं पान उलटलं.

'तिनं डोळे उघडले तेव्हा भट्टीतून ताज्या पावाचा वास दरवळत होता.'

तंद्रीच्या अंगावर काटा आला. केवढी भन्नाट कल्पना! घोडा समुद्र ओलांडून थेट दुसऱ्या जगात उतरला होता, आणि त्या जगात होती एक छोटीशी बेकरी!

तिनं बाजूची निळी वही ओढली. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल तिला जे जे वाटायचं, ते ती या वहीत लिहायची. वही कोणी वाचायची नाही, असा कडक नियम होता. आधीच्या पानांवर असं काय काय होतं:

'पहिल्याच भेटीत दोघं भांडली. म्हणजे शेवटी लग्न होणार. मला हे नवव्या पानावर कळलं, नायिकेला दोनशेव्या पानावर!'

'बाण लागलेला माणूस सलग दीड पान बोलू शकतो का? तरीसुद्धा मी रडले.'

पुढची पानं भराभर चाळून आज तिनं लिहिलं, 'असं वळण मी आजवर वाचलं नाही. जिना, आत्याच्या शिलाईमशीनचा आवाज, सगळं गायब झालं. मला खरंच पावाचा वास आला.'

"आणि घोडा?" पुरावा तिच्या खांद्यावरून डोकावत होता.

"ए! नियम म्हणजे नियम!" तंद्रीनं वही मिटली. मग जरा चाचरत म्हणाली, "घोड्याचं पुढे काही येत नाही. बेकरीवाली मुलगी आणि एक घड्याळजी, एवढेच आहेत. पण तीच मुलगी म्हणजे पहारेकरीण. आधीचं सगळं विसरलीये ती."

"विसरलीये असं लिहिलंय?"

"नाही. ते आपण समजून घ्यायचं."

तेवढ्यात टाचणी धडाधड जिना चढून आली. "काय म्हणालीस? बेकरीवाली माझ्या पुस्तकात आहे! घड्याळजीनं पुलावर पाऊल ठेवलं, मी पान उलटलं, तर समोर काळा समुद्र! मला वाटलं पूल कोसळला!"

मग टाचणी धावत जाऊन आपलं पुस्तक घेऊन आली.

एकाचं नाव 'काचपंखांचा पहारा', दुसऱ्याचं 'पुलापलीकडची बेकरी'. दोन्ही वाचनालयाची, दोन्ही नव्यानं बांधलेली, दोन्हींवर तपकिरी पुठ्ठा. पानांचे आकडे दोन्हींत बिनचूक. पुरावानं आईच्या शिवणाच्या डब्यातलं भिंग आणलं आणि एकशे सत्त्याहत्तरावं पान इंचाइंचानं तपासलं.

"सापडलं!" तो ओरडला. पानाच्या अगदी तळाशी मुंगीएवढी अक्षरं होती: 'पुला. १२'. टाचणीच्या पुस्तकात त्याच जागी होतं 'काच. १२'.

मशीन थांबवून आत्या बाहेर आली. "तो फर्म्याचा आकडा. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात आणि घडी घालतात. त्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. एकामागे एक फर्मे शिवले की झालं पुस्तक."

"म्हणजे दोन्हींचा शेवटचा, बारावा फर्मा इकडचा तिकडे गेलाय!" पुरावाचे डोळे चमकले. "पुरावा मिळाला!"

तंद्रीनं मात्र पुस्तक मिटलं. इतकी सुंदर कल्पना कुणाला सुचलीच नव्हती. ती निव्वळ चूक होती. तिला उगाचच एकटं वाटलं, जणू खिडकीतून दिसणारं घर जवळ गेल्यावर नुसतं रंगवलेलं निघावं.

*

दुपारी तिघं वाचनालयात पोचली तेव्हा ग्रंथपालबाई एका कपाटावर चिठ्ठी डकवत होत्या. 'उद्या चार वाजता. रद्दी.'

"ही पण?" तंद्रीच्या तोंडून निघून गेलं. ते तिचं कपाट होतं. ड्रॅगन, शापित बेटं, चोरून लिहिलेली पत्रं, सगळं त्या तीन फळ्यांवर राहायचं.

"ही सगळीच," बाई म्हणाल्या. "रोज तक्रारी! याची पानं त्यात, त्याची यात. तुम्ही मुलंच पानं उपसता आणि कुठेही खुपसता."

"बाई, ती शिवलेली आहेत," पुरावा म्हणाला. "खुपसलेली नाहीत. हे बघा, तळाशी आकडा आहे."

बाईंनी बघितलंसुद्धा नाही. "समितीची सही झालीये. आता इथे सामान्य ज्ञानाची पुस्तकं येतील. स्वप्नात रमून कोणाचं भलं झालंय?"

तंद्रीला खूप काही बोलायचं होतं. ती पुस्तकं वाचताना मी स्वप्नात नसते, कोणाच्या तरी काळजीत असते, असं काहीतरी. पण तिचे नुसते कान लाल झाले.

"रडायचं नंतर," टाचणीनं तिचा हात ओढला. "आधी बांधणाऱ्याला गाठू."

*

बाइंडरकाकांचं दुकान वाचनालयाच्या मागच्या गल्लीत होतं. आत खळीचा आंबूस वास, लोखंडी दाबयंत्र, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि छतापर्यंत कागद. काका जाड सुईनं एक वही शिवत होते. मिशा भरघोस, कपाळावर आठी.

"तीस वर्षं हेच काम करतोय मी," पुस्तकं न बघताच ते म्हणाले. "चूक छापखान्याची असेल."

"पण शिवताना वाचलं तर कळतं ना?" तंद्रीनं विचारलं.

"वाचतो कोण? आणि असलं प्रेमाबिमाचं? छे! मला वेळ कुठे आहे!"

पुरावा हिरमुसला. टाचणी मात्र शांतपणे स्टुलावर चढून बसली.

"बरोबर आहे काकांचं," ती मान डोलवत म्हणाली. "वाचण्यासारखं आहेच काय? तो राखाडी राजपुत्र तर पक्का भित्रा! पहारेकरणीला एकटीला पाठवलं आणि स्वतः कड्यावर उभा राहिला."

"भित्रा?" काकांची सुई हवेतच थांबली. "भित्रा म्हणतेस त्याला? अगं, घोड्याला पंख परत मिळावेत म्हणून त्यानं स्वतःची सावली देऊन टाकली!"

"काका! शेवट सांगू नका ना!" तंद्री किंचाळली.

काकांनी सुई टोचायच्या उशीत खोचली. त्यांचा चेहरा हळूहळू लालबुंद झाला.

"पकडलंस की गं, पोरी," ते पुटपुटले.

मग सगळं बाहेर आलं. शिवण्याआधी पानं सुटी असतात. गेल्या वर्षी जेवताना त्यांनी सहज एक फर्मा चाळला. दुसऱ्या दिवशी पुढचा. मग सवयच लागली. एका वेळी दोन दोन गोष्टी चालायच्या, शेवटचे फर्मे ताटाच्या दोन्ही बाजूंना उघडे असायचे, आणि गिऱ्हाईक आलं की घाईघाईत गठ्ठ्याखाली ढकलायचे. त्या ढकलाढकलीत अदलाबदल व्हायची.

"अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी. बेकरीवालीचं पत्र वाचून डोळ्यांत पाणी येतं. कोणी पाहिलं तर काय म्हणेल? म्हणून लपवत राहिलो."

तंद्रीला हसू आलं नाही. उलट तिला वाटलं, या माणसाशी आपली कितीतरी दिवसांची ओळख आहे.

"मला तर जखमी माणसाच्या भाषणानंसुद्धा रडू येतं," ती म्हणाली. "आणि मग वहीत लिहिते, इतकं बोलतात का कोणी!"

"नाहीच बोलत!" काका खो खो हसले. "पण गप्प बसला असता तर आपल्याला कळलं असतं का त्याच्या मनातलं? बरं, पावाचा वास आला तेव्हा तुला काय वाटलं?"

आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. सगळे 'गोष्ट काय आहे' एवढंच विचारायचे. तंद्रीनं निळी वही उघडली आणि स्वतःचा नियम मोडून आजचं पान मोठ्यानं वाचलं. काका डोळे मिटून ऐकत होते. उन्हाच्या पट्ट्यात कागदाची धूळ संथपणे तरंगत होती. त्या क्षणी काळा समुद्र आणि बेकरी खरंच एकाच जगात आहेत असं तिला वाटून गेलं.

"बाई उद्या सगळं रद्दीत देताहेत," पुरावानं दोघांनाही जमिनीवर आणलं.

"काय?" काकांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि चूक कबूल केली. पलीकडून बाईंचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "फर्मा-बिर्मा मला सांगू नका! सही झाली, विषय संपला!"

फोन ठेवून काका खाली मान घालून बसले. बिघडलेली पुस्तकं अठरा, नऊ जोड्या. प्रत्येक त्यांना गोष्टीसकट आठवत होती. दुरुस्त करायला दोन दिवस पुरेसे होते. पण पुस्तकं हातात यायला हवीत ना!

"वाचनालयाच्या दारातली पाटी कोणी वाचलीये?" पुरावानं अचानक विचारलं. "मी वाचलीये. नियम सातवा. वाचकाच्या नावावर असलेलं पुस्तक परत येईपर्यंत संग्रहातून काढता येत नाही."

"एका कार्डावर दोन पुस्तकं," टाचणी बोटं मोजू लागली. "दोन आपल्याकडेच आहेत. उरली सोळा. आठ कार्डं हवीत!"

"तलावावर सगळे भेटतील," तंद्री म्हणाली. ती आधीच दाराशी पोचली होती.

*

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता वाचनालय उघडलं आणि ओल्या केसांची एक रांग आत शिरली. सर्वांत पुढे चष्मेवाला, मग जुळ्या, मग शीळ वाजवणारा लंबू. ज्यानं जन्मात गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं, तो सूरमारूही 'गुलाबी किल्ल्यातील विरह' छातीशी धरून उभा होता.

"हे तू वाचणार?" बाईंनी विचारलं.

"हो बाई! मला विरह फार आवडतो!"

टाचणीनं तोंडात रुमाल कोंबला. बाई जांभई देत शिक्के मारत राहिल्या. ठप्प! ठप्प! कोणतं पुस्तक कुठल्या कपाटातून येतंय, हे त्यांनी मान वर करून पाहिलंच नाही. शेवटचा शिक्का पडला तेव्हा चाराला दहा मिनिटं होती.

पण चांगली, धडधाकट पुस्तकं अजून फळीवर होती. तीही रद्दीच्या गाडीत जाणार होती. तंद्रीच्या हे लक्षात आलं आणि ती परत फिरली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"बाई, यादीतली सोळा पुस्तकं आत्ता आमच्या नावावर गेली आणि दोन कालपासूनच आहेत. नियम सातवा. यादी आता चूक ठरली, तुम्हाला नवी सही लागेल."

बाईंनी रजिस्टर उघडलं. पाटीकडे पाहिलं. पुन्हा रजिस्टरकडे पाहिलं.

"पानं आम्ही खुपसली नव्हती," तंद्री आता थांबेना. "तुम्ही तळाचा आकडा बघितला असता तर कळलं असतं. दोन दिवस द्या. सगळी पुस्तकं नीट करून आणतो. नाही आणली तर मग द्या रद्दीत."

बाईंनी रजिस्टर मिटलं. मग बाहेर जाऊन त्यांनी गाडी परत पाठवली.

*

दोन दिवस बाइंडरकाकांचं दुकान गजबजून गेलं. काका पातळ पात्यानं जुने टाके कापत, पुरावा आकडे जुळवत, जुळ्या खळ ढवळत. तंद्रीनं पहिल्यांदा सुई धरली आणि 'काचपंखांचा पहारा'मध्ये खरा बारावा फर्मा स्वतःच्या हातानं शिवला.

मग ती कोपऱ्यात बसून शेवट वाचू लागली. सावली देणाऱ्या राजपुत्राला सगळे विसरले होते. परत आलेल्या पहारेकरणीनं त्याला अनोळखी माणसासारखा रस्ता विचारला. त्यानं रस्ता दाखवला. चार पावलं गेल्यावर ती थबकली, मागे वळली, आणि तिथे पुस्तक संपलं.

तंद्रीला भयंकर राग आला. मग रडू आलं. मग कितीतरी वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. काकांनी पाण्याचा पेला तिच्या बाजूला ठेवला. वहीत तिनं लिहिलं, 'बेकरी मला जास्त आवडली होती. पण हा शेवट माझ्या मागे मागे येतोय.'

शनिवारी सकाळी अठराच्या अठरा पुस्तकं वाचनालयाच्या टेबलावर रचली गेली. समितीचे अध्यक्ष आले होते. त्यांनी भिंगातून एकेक आकडा तपासला आणि म्हणाले, "आम्ही मोठ्यांनी डोळे मिटून सह्या केल्या. तुम्ही मुलांनी डोळे उघडे ठेवलेत. शाब्बास! कपाट इथेच राहील."

आत्यानं तंद्रीच्या पाठीवर थाप मारली. "आणि म्हणे हिचं कुठेच लक्ष नसतं!"

"चूक माझीही होती," बाई हळूच म्हणाल्या. "बघायला हवं होतं."

सगळे पांगले. तंद्री पुस्तकं फळीवर लावत होती. एक कमी भरलं. तिनं वळून पाहिलं, तर ग्रंथपालबाई खुर्चीत रेलून 'काचपंखांचा पहारा' वाचत होत्या. शिक्क्यासाठी एक आजोबा कधीचे ताटकळले होते.

"बाई?" तंद्रीनं हाक मारली.

बाईंनी मान वर न करता डावा हात उंचावला.

"थांब जरा! घोडा कड्यावर पोचलाय!"