उभं वल्हं

"कप्तानकाका, तुम्ही गळ का नाही टाकत? मासे तर नुसते तुटून पडलेत!"

भोंग्याचा आवाज असा, की त्याची कुजबुजसुद्धा शेजारच्या इमारतीत ऐकू जावी. होडीच्या मागच्या कडेला बसलेला कप्तान दचकला.

"तू तुझं बघ रे!" तो खेकसला आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसला.

मुंगीने हे बरोबर टिपलं. सकाळपासून 'पहिला मासा माझाच' म्हणून मिशीला ताव देणारा हा माणूस गेला तासभर गळाला शिवला नव्हता. वर गार वारा सुटला होता आणि याचा शर्ट मात्र घामाने पाठीला चिकटलेला!

कप्तान खरं तर पंखे विकायचा. मुंगीच्या मामाचा शाळेपासूनचा दोस्त. दोन महिन्यांपूर्वी त्याने ही इंजिनाची होडी घेतली आणि त्याच दिवशी 'आजपासून मला कप्तान म्हणायचं' असा हुकूम काढला. सुट्टी लागताच मामाने बेत आखला. किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर समुद्रात एक लांबलचक खडक आहे, तिथे मासे मुबलक. मुंगी, तिचा सात वर्षांचा भाऊ शेपूट, तिच्या वर्गातले भोंगा आणि पंडित, अशी चार पोरं आणि ही दोन मोठी माणसं.

निघताना बंदरावर हिरव्या होडीची मालकीण म्हणाली होती, "पहिलीच खेप आहे ना तुमची? माझ्या मागोमाग चला, माझ्या मागोमाग परत या."

त्यावर कप्तान अख्ख्या बंदरासमोर हसला होता. "मावशी, समुद्र काय तुमचं अंगण आहे का?"

तरंगायची जाकिटं होडीत दोनच होती, तीही मोठ्यांच्या मापाची. एक मामाने उशाला घेतलं होतं, दुसरं कप्तानाच्या बुडाखाली होतं. आणि शेपटाला पोहता येत नव्हतं.

"मुंगे, ती बघ, लाल होडी चालली," पंडित खडकापाशी आलेल्या बाकीच्या चार होड्यांकडे बघत म्हणाला.

"इतक्यात? मासे लागत असताना?"

निघता निघता लाल होडीतल्या माणसाने एक वल्हं उचलून सरळ उभं धरलं. लगेच निळ्या होडीतही एक वल्हं उभं राहिलं. मग दोन्ही होड्या एकीमागून एक खडकातल्या अरुंद वाटेने बाहेर पडल्या.

थोड्या वेळाने पिवळी होडी हलली. तिच्यातला म्हातारा मुंगीच्या होडीकडे बघत वल्हं उभं धरून थांबला. कप्तानाने झटकन उठून दोन्ही हात हलवले. "टाटा! टाटा!" म्हाताऱ्याने क्षणभर बघितलं, वल्हं खाली घेतलं आणि तो निघून गेला.

"बरं झालं!" मामा पडल्या पडल्या म्हणाला. "आता सगळे मासे आपले!"

मुंगी मात्र अजून त्या वल्ह्यांचाच विचार करत होती. ती पंडिताच्या कानाशी लागली. "वल्ह्याला वल्ह्याने उत्तर दिलं की दोघे मिळून निघतात. म्हणजे ते 'चला' म्हणत असणार."

"बरोबर. आणि आपण हात हलवला," पंडित चष्मा पुसत म्हणाला. "म्हणजे..."

"म्हणजे 'आमचं बरं चाललंय, तुम्ही जा'!"

दोघांनी एकदमच खडकाच्या वाटेकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. सकाळी जिथून होडी सहज आत आली होती, तिथे आता मधूनच पांढरा फेस उसळत होता. पाणी उतरत होतं, खडक वर येत होता.

मुंगी मामाकडे धावली. "मामा, सगळे जातायत! वाट बंद व्हायच्या आत निघायला हवं!"

"अगं, कोळ्यांची रामराम करायची पद्धत असते ती," मामा डोळे न उघडता म्हणाला. "कप्तान आहे ना तो? मग झालं तर."

तेवढ्यात कप्तानाने इंजिन सुरू केलं. होडी पुढे सरकली, हिसका बसला आणि मागची कड खाली दबून भसकन पाणी आत आलं! शेपूट नखशिखांत भिजला आणि त्याने भोकाड पसरलं.

"काही नाही, काही नाही! इंजिन जरा गरम करतोय," कप्तान ओरडला आणि त्याने ते बंद केलं.

मुंगी रांगत मागे गेली. नांगराचा दोर मागच्या कडीलाच बांधलेला होता. तिने हात लावला. दोर तारेसारखा ताठ, गाठ करकचून आवळलेली!

"काका, नांगर खडकात अडकलाय."

"हळू बोल!" कप्तानाने मामाकडे चोरटी नजर टाकली.

"कधीपासून?"

"झाला असेल तासभर."

"मग दोर कापा!"

"सुरी बंदरावर राहिली. भरती आली की सुटेल आपोआप."

"भरतीला अजून सहा तास आहेत!" पंडित मागून म्हणाला.

"मग त्या पिवळ्या होडीला का नाही बोलावलंत?" मुंगीने विचारलं.

कप्तानाची मान खाली गेली आणि मुंगीला सगळं लख्ख कळलं. सकाळी सगळ्या बंदरासमोर हसला होता ना! आता त्याच लोकांकडे मदत मागायला याची जीभ रेटत नव्हती. त्या एका जिभेपायी सहा जीव टांगलेले!

ती पुन्हा मामाकडे गेली, त्याला गदागदा हलवलं. "मामा, नांगर अडकलाय! तो खोटं बोलतोय!"

मामाने कप्तानाकडे पाहिलं. कप्तान हसला. "पोरगी घाबरलीय रे."

"घाबरू नकोस गं राणी," मामा म्हणाला. झालं! मुंगीला रडू फुटायच्या बेतात होतं. मोठ्याने मोठ्याला विचारायचं, मोठ्याने मोठ्याला सांगायचं, आणि लहानाने मधल्या मध्ये बुडायचं!

आता एकच होडी उरली होती, हिरवी. लांब, खडकाच्या पलीकडच्या टोकाला. भोंग्याने छाती फुटेस्तोवर हाका मारल्या, पण वारा उलटा. आवाज पार मागे किनाऱ्याकडे उडून गेला. मामाचा फोन काढून बघितला तर त्याला रेंज नाही. पुढची लाट आली ती सरळ कडेवरून आत. मामाने नुसते पाय वर घेतले; पोरं डब्याने पाणी उपसायला लागली. एक डबा बाहेर टाकावा तर दोन डबे आत!

आणि हिरव्या होडीवर वल्हं उभं राहिलं.

"आपलं वल्हं!" मुंगी म्हणाली.

"आपण उभं केलं तरी हा हात हलवणार," पंडित म्हणाला. "मग त्या मावशी कोणाचं खरं धरणार?"

"याचंच," मुंगी म्हणाली. मग तिने भोंग्याकडे पाहिलं. "भोंग्या, याचे दोन्ही हात अडकव!"

भोंग्याचा आवाज नावाप्रमाणे मोठा होता, पण डोकं मंद नव्हतं. त्याने आपला गळ तळाशी सोडला, खडकात रुतेपर्यंत ओढला आणि काठी कमान झाली तसा बोंबलला, "काका! राक्षस लागलाय, राक्षस! मला नाही पेलवत! धरा, दोन्ही हातांनी धरा!"

सवय कुठे जाते! कप्तानाने झेप घेऊन काठी पकडली. "सोडू नका रे! मामा, जाळी आण!" मामाही जाळी घेऊन उठला. दोघे मोठे घामाघूम होऊन समुद्राच्या तळाशी कुस्ती खेळू लागले.

इकडे मुंगी आणि पंडिताने वल्हं ओढून काढलं. ते त्यांच्या दुप्पट उंच. अर्धं उचललं आणि धाडकन पडलं. दुसऱ्यांदा उचललं, होडी कलली, पुन्हा पडलं. तिकडे हिरव्या होडीवरचं वल्हं खाली गेलं. होडीने पाठ फिरवली.

"थांबा ना हो!" मुंगी पुटपुटली. ऐकणार कोण? शेपूट तिचा फ्रॉक धरून हुंदके देत होता. तिने वल्ह्याचं टोक दोन फळ्यांच्या फटीत रोवलं, खांदा लावला, पंडिताने खालून रेटलं आणि वल्हं उभं राहिलं. थरथरत का होईना, उभं राहिलं!

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नुसतं धरून ठेवायचं. खांदा भरून आला, पाणी घोट्याच्या वर चढलं, आणि हिरवी होडी लहान लहान होत गेली.

मग ती वळली.

मावशीने आल्या आल्या आधी पोरांना आपल्या होडीत घेतलं, मग कोयत्याच्या एका घावात दोर तोडला. "कुणी काही बोलायचं नाही. माझ्या मागे!" वाटेत दोन्ही बाजूंनी लाटा भिंतीसारख्या उभ्या राहत होत्या. दोन्ही होड्या बाहेर पडल्या आणि पुढचीच लाट त्यांच्या पाठीमागे अख्ख्या वाटेवर कोसळली. सगळ्यांनी ते पाहिलं. कप्तानानेही.

बंदरावर मात्र कौतुकाला ऊत आला. "वा गं पोरी!" "केवढीशी ती, अन् केवढी अक्कल!" मामाने मुंगीच्या पाठीवर थाप मारली. "भाची कुणाची? वाघीण आहे वाघीण!"

"मामा, मी तुला सांगितलं होतं," मुंगी म्हणाली. "दोनदा."

मामा हसला. दुसरं कोणी हसत नाही हे पाहून त्याचं हसू विरलं. "हो," तो म्हणाला. "सांगितलं होतंस." कप्तान खाली मान घालून होडीतलं पाणी उपसत होता.

"मीही तुमच्या होडीतली पोरं लांबून पाहिली होती," मावशी म्हणाली. "पिवळ्या होडीतल्या आजोबांनी तर हा धाकटाही पाहिला. पण मोठ्या माणसाचा हात हलला, म्हणून ते निघून आले. मीसुद्धा पाठ फिरवलीच होती." मग ती लाल, निळ्या आणि पिवळ्या होडीवाल्यांकडे वळली. "ऐका रे! यापुढे होडीत पोरं असतील तर नुसत्या हातावर कोणी जायचं नाही. जवळ जायचं आणि पोरांना विचारायचं."

म्हाताऱ्याने आधी मान हलवली, मग बाकीच्यांनी.

मुंगी त्या शाबासक्यांतून वाट काढत बाहेर आली. शेपूट पायरीवरच झोपून गेला होता. तिने त्याला उचलून खांद्यावर टाकलं.

"आण, मी घेतो त्याला," मामा म्हणाला.

"नको," मुंगी म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.