चार जीबीचा पेन ड्राइव्ह

बेलापूरच्या त्या ऑफिसातलं झेरॉक्स मशीन शनिवारी दुपारी अडीचला बंद पडलं, आणि गीतांजलीला क्षणभर चक्क बरं वाटलं. मग स्वतःचाच राग आला. पाच वाजता तिला सरोजिनी वकीलबाईंकडे कागदाच्या तीन प्रती न्यायच्या होत्या, तिथे नोटरीसमोर सह्या करायच्या होत्या, आणि हे काम तिनं या ना त्या कारणानं सात महिने पुढे ढकललं होतं.

कागद म्हणजे दोन पानी प्रतिज्ञापत्र. तिचा नवरा सुधीर सात वर्षांपूर्वी करावे गावाजवळच्या खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढायला गेला, तो परत आलाच नाही. स्कूटर तेवढी किनाऱ्यावर सापडली. गोटीराम नावाच्या म्हाताऱ्या मच्छीमारानं पोलिसांना सांगितलं होतं, "गारी सकालपासून हितंच उभी हाय. मानूस काय दिसला नाय." त्यापुढे कुणालाच काही सांगता आलं नव्हतं. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कायदा माणसाला मेलेला धरतो, पण त्याआधी बायकोनं तसं लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या पानावर ते वाक्य होतं : माझे पती हयात नाहीत अशी माझी खात्री आहे. खात्री! एकोणीस वर्षं हे ऑफिस सांभाळताना खात्री केल्याशिवाय तिनं साध्या कुरिअरच्या पावतीवरही सही केली नव्हती.

खाली कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. पण त्या दुकानदाराला सगळ्या सेक्टरचे घटस्फोट आणि मृत्यू नातेवाइकांच्या आधी कळायचे, आणि कळलेलं पोटात ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. म्हणून तर ती सुट्टीच्या दिवशी, ऑफिसात चिटपाखरू नसताना आली होती. आपल्या हातानं प्रती काढायच्या, पिशवीत घालायच्या आणि निघायचं. आणि नेमकं आजच मशीननं मान टाकली.

सर्व्हिस कंपनीचा टेक्निशियन संघर्ष नेरूळला दुसऱ्या कामावर होता, म्हणून वीस मिनिटांत पोचला. तिशीतला, बडबड्या, हातानं फार चलाख. त्यानं मशीनची दोन दारं उघडली, स्क्रीनवर काहीतरी वाचलं आणि दारं लावून टाकली.

"पार्ट काय गेला नाय मॅडम. फर्मवेअर जुनं झालंय. म्हणजे याच्या डोक्यातला प्रोग्राम. नवा टाकायला लागेल. एक पेन ड्राइव्ह द्या ना."

"तुमच्याकडे नाही?"

"आहे की. पण बाहेरचा लावायचा नाय, हा तुमचाच रूल आहे. गेल्या टायमाला तुमीच झापलं होतं मला."

खरंच होतं. व्हायरसच्या प्रकरणानंतर तो नियम तिनंच काढला होता आणि मशीनवर चिकटवलाही होता. आता तिनंच कपाटातला पेन ड्राइव्हचा डबा आणून टेबलावर उपडा केला.

पहिला एकशे अठ्ठावीस जीबीचा, नवाकोरा. मशीननं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "याला मोठे झेपत नायत," संघर्ष म्हणाला. "बत्तीसच्या आतला पायजे. जुना असेल तेवढा बरा." दुसऱ्याला पासवर्ड होता आणि तो घालणारा माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला होता. तिसरा कुठल्याशा बिल्डरच्या प्रदर्शनात फुकट मिळालेला, घराच्या आकाराचा. त्याचं छप्पर आडवं येऊन तो खाचेत शिरेना.

"अजून एखादा?"

गीतांजलीनं घड्याळ पाहिलं. साडेतीन. तिनं पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून काळा, चार जीबीचा पेन ड्राइव्ह काढला. तो सुधीरच्या स्कूटरच्या डिकीत सापडला होता. पोलिसांनी परत दिला तेव्हापासून तो तिच्या पर्समध्येच होता.

"वा! हाच पायजे होता." संघर्षनं तो तिच्या कॉम्प्युटरला लावला. "फॉरमॅट करायला लागेल हां. आतलं सगळं उडेल. कॉपी आहे ना?"

"आहे. तीन ठिकाणी."

फॉरमॅटचं बटण तिनं स्वतःच दाबलं. आत पक्ष्यांचे एक्केचाळीस फोटो होते, ते घरच्या कॉम्प्युटरवर होते, लेकीकडे होते, सगळीकडे होते.

संघर्षनं रिकाम्या ड्राइव्हवर अपडेटची एकुलती एक फाइल घातली आणि तो मशीनला लावला. स्क्रीनवर अक्षरं आली : दोन फाइल सापडल्या.

त्यानं ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरवर पाहिला. एकच फाइल. परत मशीनला लावला. दोन. दुसरीला नाव नव्हतं, नावाच्या जागी नुसती रेघ होती.

"जुने ड्राइव्ह असे करतात कधी कधी," तो म्हणाला आणि पहिली फाइल निवडली. "आता अकरा मिनिटं हात लावायचा नाय."

पाचव्या-सहाव्या मिनिटाला वास आला. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा, खारट आणि कुजका.

"दिवाळे गावाकडनं येत असेल," संघर्ष म्हणाला. "सुकट घालतात ना तिकडे."

गीतांजलीनं मान डोलावली. ऑफिसच्या खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या, ही गोष्ट तिच्या जरा उशिरा लक्षात आली. सुकटीचा वास तिला ठाऊक होता, आणि हा तो नव्हता.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. संघर्षनं काचेवर आपला तळहात ठेवला आणि हिरवं बटण दाबलं. टेस्टसाठी कागद कोण शोधत बसतो, सगळेच टेक्निशियन असं करतात. त्याच्या तळहाताची स्वच्छ, काळीभोर प्रत बाहेर आली.

"घ्या मॅडम. एकदम कडक!"

गीतांजलीनं प्रतींचा आकडा तीनवर ठेवला. पहिलं पान छान आलं. दुसऱ्या पानावर मात्र खात्रीचं वाक्य नव्हतं. त्या ओळीवर चार लांबट करडे डाग होते.

संघर्षनं काच पुसली. पुन्हा तेच. त्यानं कागद उलट्या बाजूनं फिरवून ठेवला, तर वाक्याबरोबर डागही फिरले. त्यानं कोरा कागद ठेवला. कोरी प्रत आली. परत ते पान ठेवलं. डाग परत त्याच ओळीवर.



"मॅडम, ही बोटं वाटतात," तो हळूच म्हणाला. "कागद आणि काचेच्या मधे कुणी बोटं धरल्यासारखी."

त्यानं मशीनमधून पेन ड्राइव्ह ओढून काढला आणि चटकन टेबलावर टाकला. ड्राइव्ह ओला होता. पँटला हात पुसत तो सीनियरला फोन लावायला बाहेर पॅसेजमध्ये गेला. जाताना त्यानं दार उघडंच ठेवलं.

गीतांजली मशीनपाशी एकटी राहिली. सव्वाचार झाले होते. तिनं प्रतिज्ञापत्र काचेवरून उचललं आणि बाजूला ठेवलं.

तिला भीती वाटत होती. पण सात वर्षं ती जे विचारत होती, ते विचारायला आज पहिल्यांदा जागा मिळाली होती.

तिनं उजवा तळहात काचेवर सपाट टेकवला. काच कोरडी होती, जराशी कोमट.

"सुधीर," ती म्हणाली, "सही करू का रे?"

डाव्या हातानं तिनं बटण दाबलं. हिरवट उजेड तिच्या हाताखालून एकदाच सरकत गेला.

आकडा अजून तीनवरच होता. मशीन एकदा बघतं आणि तीनदा छापतं. तिन्ही प्रती सारख्याच यायला हव्यात.

पहिली आली. हात उचलायचं तिला सुचलं नाही, तशीच वाकून तिनं पाहिलं. कागदावर तिचा तळहात नव्हता. काचेला टेकलेली दुसऱ्याच हाताची पाठ होती, आणि तिची बोटं त्या हाताच्या कडेनं जेमतेम डोकावत होती. त्या हाताची करंगळी वाकडी होती. लग्नाच्या वर्षी क्रिकेट खेळताना मोडली आणि तशीच जुळली, ती करंगळी. कातडी फुगलेली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी सुरकुतलेली.

म्हणजे खात्री झाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तळहाताला काहीही लागत नव्हतं. नुसती काच.

दुसरी प्रत आली. तोच हात. आता त्याची बोटं वळून तिच्या मनगटाभोवती मिटली होती.

बाहेर संघर्ष फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होता.

तिसरी प्रत सावकाश सरकत बाहेर आली. तीत तिची बोटंही त्या हातावर मिटली होती, घट्ट, पेरं पांढरी पडेपर्यंत.

गीतांजलीनं काचेकडे पाहिलं. तिचा हात तिथे सपाट पडला होता, पाचही बोटं उघडी.