आबांच्या जीपचा पिवळा उजेड

दिवा नवा, बॅटरी भरलेली, वायरही कोरी करकरीत. मग उजेड काजव्याएवढाच का? केतकीनं डोकं खाजवलं. सन २०६४ मध्ये मुलं आपल्या गाडीशी गप्पा मारत शाळेत जात. पण पणजोबांच्या, म्हणजे आबांच्या, या जुन्या जीपला बोलताच येत नव्हतं. बिचारी दुखणं सांगणार कशी?

आबा गुरांचे डॉक्टर. याच जीपनं त्यांनी आजऱ्याकडच्या डोंगरवाड्या पालथ्या घातलेल्या. आता पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांना नावं आठवेनात; दिवसदिवस ते गप्प असत. जीपचे दिवे लागले तर आबा बोलतील, अशी केतकीला फार आशा होती. आज दसरा, आणि उद्या सकाळी आबांना उपचारांसाठी पुण्याला नेणार होते.

सुधाआजीनं दिवा बंद करून वायरला बोट लावलं. ही आबांची लेक. आयुष्यभर उपग्रहांच्या वायरी जोडलेली. "चांगलीच तापलीय. कशी निवडलीस गं?"

"जुनीएवढीच जाड बघून. रंगसुद्धा तोच!"

आजीनं जुन्या आणि नव्या वायरीची टोकं शेजारी धरली. जुनीत तांब्याच्या तारांचा जाडजूड जुडगा. नवीत नुसतं प्लॅस्टिक, आत तांबं दोऱ्याएवढं.

"झबलं बघून बाळाचं वजन सांगितलंस की!" आजी हसली. "वीज वाहते तांब्यातून. तांबं बारीक, तर रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) जास्त. वायर लांब, तर आणखी जास्त. मग दिव्याची ऊर्जा वाटेतच वायर तापवण्यात जाते."

"पण नव्या गाड्यांत हीच असते!"

"त्यांच्या दिव्याला अर्धा अँपिअर (प्रवाह मोजण्याचं एकक) पुरतो. याला पाच लागतात, दहापट! तेवढं तांबं नको का? आणि तेही बारीक तारा एकत्र वळलेलं, म्हणजे गचक्यांनी तुटत नाही."

"मग नव्या गाड्यांतला पांढरा दिवाच लावूया?"

"लावता येईल. पण आबांच्या ओळखीचा उजेड पिवळा आहे, बाळा."

जाड वायर आजीकडे होती. पक्कड मात्र पाटावर, हळदकुंकू लावून पूजेत मांडलेली. दसऱ्याला हत्यारांना हात लावायचा नाही, ही घरची रीत. केतकीला रडूच आलं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीत बसलेले आबा पाटाकडे वाकले. पकडीवरचं झेंडूचं फूल त्यांनी अलगद बाजूला ठेवलं.

"कामाला लावली की झाली तिची पूजा," ते म्हणाले. किती दिवसांनी!

त्यांनी जाड वायरीवरचं प्लॅस्टिक सोललं; एकही तार तुटली नाही. केतकीनं टोकं जोडली. आबांना दोघींनी जीपमध्ये बसवलं. त्यांनी स्वतः दिव्याचं जुन्या पद्धतीचं बटण बाहेर ओढलं आणि समोरच्या भिंतीवर पिवळाधमक उजेड पडला. आजीनं डोळ्यांना पदर लावला.

आबांनी एकदा उजेडाकडे पाहिलं. मग शेजारी चढून बसलेल्या केतकीकडे वळले.

"पाय पोचतात का गं क्लचला?"

"अजून नाही, आबा."

"पोचतील की. तवर टिकंल ही वायर."